पान्हा आणि पदर

धर्मगुरूने काही विषयांवर लिहू नये, असा एक अलिखित संकेत आपल्या समाजात आहे. आज ज्या विषयावर लिहायला बसलो आहे, तो त्यांपैकीच एक आहे याची मला जाणीव आहे. बाळंतिणीच्या अंगावरचे दूध आणि त्या दुधाने भिजणारी चोळी हा विषय आजवर सुईण, सासू आणि परिचारिका यांच्या अखत्यारीतला मानला गेला. मी ब्रह्मचारी माणूस. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकलो, ईशज्ञान शिकलो, धर्मग्रामाचे हिशेब कसे लिहावेत तेही शिकलो; परंतु या विषयाचा एक धडाही आमच्या वाट्याला आला नाही. तरीही लिहितो आहे. कारण या अज्ञानापायी माझ्या हातून एका तरुण मातेचे मन दुखावले गेले, आणि तिच्या बाळाचे दूध तुटण्याची वेळ येऊन ठेपली होती.

गोष्ट दोन उन्हाळ्यांपूर्वीची. सोलापूरचा एप्रिल कसा असतो हे सोलापूरकरांना सांगायला नको. सकाळी आठच्या मिस्सालाच पंखे गरम वारा फेकू लागतात. त्या रविवारी मिस्सानंतर तीन बालकांचा स्नानसंस्कार होता. तिसऱ्या बालकाची आई आमच्याच धर्मग्रामातली, एका शाळेत शिकवणारी पहिलटकरीण. अंगावर पिस्ता रंगाची रेशमी साडी, तशाच रंगाचा झंपर. पहिल्या बालकाच्या मस्तकावर पाणी ओतले, तसा त्याने टाहो फोडला. त्याच क्षणी या मुलीने मान खाली घातली, आपले बाळ सासूच्या हाती दिले आणि पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट लपेटून घेतला. तिच्या बाळाची पाळी आली तेव्हाही तिचे दोन्ही हात छातीशी आवळलेले होते. मला वाटले, मुलगी बुजरी आहे.

विधी आटोपल्यावर वेदीसमोर छायाचित्र काढायचे ठरले. आजी, आजोबा, आत्या, मावशा, धर्मपिता, धर्ममाता सारे ओळीने उभे राहिले. बाळाची आई कोठेच दिसेना. मी मोठ्याने म्हणालो, “बाळ सापडले, आई हरवली की काय?” सारे हसले. ती पापनिवेदनाच्या कक्षामागे भिंतीकडे तोंड करून उभी होती. बोलावूनही आली नाही. छायाचित्र तिच्यावाचूनच निघाले.

पुढचे सात-आठ रविवार ती मिस्साला दिसली नाही. नवरा यायचा, सासू यायची. मी फारसा विचार केला नाही. उलट, खरे सांगायचे तर, त्या काळात मला आमच्या चर्चमधील शांततेचा थोडा अभिमानच वाटत असे. कारण सूचनाफलकावर मीच एक सूचना लावली होती: तान्ह्या मुलांच्या मातांनी मूल रडू लागल्यास कृपया व्हरांड्यात थांबावे. व्हरांड्यात पंखा नव्हता, बाक नव्हता, आडोसाही नव्हता. सूचना मात्र सुवाच्य अक्षरांत होती.

जूनमध्ये घरभेटींच्या वेळी त्यांच्या घरी गेलो. सासूबाईंनी चहा केला, पावसाचे बोलणे काढले, रेशनच्या तांदळाचे काढले. मी सुनेची चौकशी केली, तशी त्या थोड्या घुटमळल्या. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, “काय सांगू फादर, पोरीला दूध लई हाय. झंपर भिजतंय. कुठं बाहेर निघायची सोय राहिली नाही. आता शाळा सुरू झाली की वर्गात पोरांपुढं उभी कशी राहायची, म्हणून वरच्या दुधाची सवय लावाय लागलीय.” आतल्या खोलीच्या दाराचा पडदा हलला. ती ऐकत होती.

मला काय बोलावे ते सुचेना. दुधाची टंचाई मी ऐकली होती. दुधाच्या मुबलकतेमुळे कोणी बाळाचे दूध तोडायला निघते, हे मी प्रथमच ऐकत होतो. त्या एप्रिलच्या सकाळचा अर्थ मला त्या क्षणी उमगला, आणि माझा तो विनोद माझ्याच कानांत वाजू लागला.

मी सरळ आमच्या दवाखान्यातील वयस्कर सिस्टरांकडे गेलो. बिडी वळणाऱ्या, गणवेश शिवणाऱ्या, टॉवेल-कारखान्यांत काम करणाऱ्या शेकडो स्त्रियांची बाळंतपणे आणि त्यांनंतरची दुखणी त्यांनी पाहिली आहेत. माझी कहाणी ऐकून त्या म्हणाल्या, “फादर, हे दुखणे नव्हे. हा पान्हा आहे.” आणि त्यांनी मला एखाद्या विद्यार्थ्याला शिकवावे तसे शिकवले.

बाळ अंगाला लागले की आईच्या मेंदूतून ऑक्सिटोसिन नावाचे संप्रेरक स्रवते. त्याच्या योगाने स्तनांतील दूध तयार करणाऱ्या सूक्ष्म पिशव्या आकुंचन पावतात आणि दूध बाहेर येते. परंतु यासाठी दर वेळी बाळ ओठांशी असावेच लागते असे नाही. बाळाचे रडणे ऐकले, त्याची नुसती आठवण झाली, त्याच्या दुपट्याचा वास आला, तरीही पान्हा फुटतो. परक्याचे मूल रडले तरी फुटतो. म्हणजे त्या रविवारी पहिल्या बालकाने टाहो फोडला तेव्हा या मुलीच्या शरीराने त्या लेकरालाही उत्तर दिले होते. आणि आम्ही सारे हसलो होतो!

बाळ एका बाजूला पीत असता दुसऱ्या बाजूने दूध ठिबकणे हेही तितकेच स्वाभाविक आहे. बाळंतपणानंतरचे पहिले काही आठवडे हा प्रकार अधिक असतो, कारण बाळाला किती लागते याचा अंदाज शरीराला अद्याप आलेला नसतो. पुढे मागणी आणि पुरवठा यांचा मेळ बसला की बहुतेक मातांचे गळणे आपोआप कमी होते. काहींचे अजिबात गळत नाही. त्यांचे दूध कमी आहे, असाही त्याचा अर्थ नव्हे. “एकीचे गळते म्हणून ती रडते, दुसरीचे गळत नाही म्हणून ती रडते. दोघींनाही कोणी काही सांगितलेले नसते,” सिस्टर म्हणाल्या.

दुसऱ्याच दिवशी सिस्टर तिच्या घरी गेल्या. तिने केलेले उपाय पाहून त्यांना वाईट वाटले. तिने छातीवर ओढणी करकचून बांधली होती. आत घडी घातलेला हातरुमाल, आणि ओल बाहेर दिसू नये म्हणून त्यावर प्लास्टिकच्या पिशवीचा कापलेला तुकडा. त्या ओलीने आणि उष्म्याने कातडी सोलवटून निघाली होती. घट्ट बांधल्याने एका बाजूला दूध साकळून गाठ धरू लागली होती. सिस्टरांनी बांधलेली ओढणी सोडवली. बाळाला त्या बाजूला आधी पाजण्यास सांगितले. गाठ लाल होऊन दुखू लागली, थंडी वाजून ताप आला, तर घरगुती उपचारांत वेळ न दवडता डॉक्टरांकडे जायचे. मात्र त्या काळातही पाजणे थांबवायचे नाही, असे बजावले. चारचौघांत अचानक पान्हा फुटला तर काय करावे, तेही दाखवले. हातांची घडी घालावी तसे हात आडवे घेऊन तळव्याने काही क्षण छातीकडे सरळ, हलका दाब द्यायचा. बहुधा धार थांबते. पाहणाऱ्याला वाटते, बाई नुसती हाताची घडी घालून उभी आहे. मात्र पहिल्या आठवड्यांत हे सारखे करू नये, नाहीतर दूध साकळते.

राहिला प्रश्न कपड्यांचा. औषधांच्या दुकानांत यासाठी नर्सिंग पॅड मिळतात. गोल, पातळ, आत पाणी शोषून घट्ट करणारे कण असतात, मागे चिकटपट्टी असते. लग्नाला, प्रवासाला निघालेल्या बाईला त्यांची मोठी सोय होते. पण ते दिवसातून अनेकदा बदलावे लागतात आणि वापरून फेकून द्यावे लागतात. महिनाभर रोज तो खर्च पेलणे हजार बिडीच्या मजुरीवर जगणाऱ्या मातेला कसे शक्य व्हावे? आणि पैसे वाचवण्यासाठी एकच पॅड दिवसभर ठेवला तर ओल साचून स्तनाग्रे चिरतात, बुरशीचा संसर्ग होतो, तो पुढे बाळाच्या तोंडातही जातो.

हे ऐकत असता मला माझी आई आठवली. कितीतरी वर्षांनी, आणि अगदी अनपेक्षितपणे.

आमचे गाव नगर जिल्ह्यातले. धाकटी बहीण जन्मली तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. आई दीड-दोन महिन्यांतच खुरपणीला जाऊ लागली. बाळाला घरी आजीजवळ ठेवायची. मी शाळा सुटल्यावर बांधावर जाऊन बसायचो. खुरपता खुरपता आई मध्येच थांबायची, हात छातीशी न्यायची आणि म्हणायची, “उठली वाटतं गं बया.” खुरपे टाकून ती घराकडे चालू लागायची, मी मागे. दार ओलांडायच्या आतच बहिणीचे रडणे ऐकू यायचे. मला तो चमत्कार वाटे. इतक्या लांबून आईला कसे कळते? आज सिस्टरांच्या बोलण्यावरून समजले की त्यात चमत्कार नव्हता. बाळाची पाजायची वेळ आईच्या शरीरात मुरलेली होती. वेळ झाली की पान्हा फुटायचा आणि पान्हा फुटला की पाय घराकडे वळायचे.

आणखी एक गोष्ट आठवली. घरामागच्या तारेवर वडिलांच्या जुन्या धोतराच्या चौकोनी घड्या ओळीने वाळत असायच्या. मी एकदा त्यातली एक पाटी पुसायला घेतली, तर आईने पाठीत धपाटा घातला होता. त्या घड्या कशासाठी होत्या हे कळायला मला पन्नाशी ओलांडावी लागली.

धोतराची आठवण मी सिस्टरांना सांगितली आणि त्यांचे डोळे चमकले. आमच्या धर्मग्रामात गणवेश शिवणाऱ्या एक मावशी आहेत. सिस्टरांनी त्यांना बोलावून घेतले. सोलापुरात कापडाला काय तोटा? इथली चादर आणि इथला टेरी टॉवेल या दोहोंना भौगोलिक मानांकन लाभलेले आहे. टॉवेलच्या मागावर ताण्याचे दोन बीम असतात, एक घट्ट आणि एक सैल. बाण्याच्या ठोक्यासरशी सैल धाग्यांचे फासे वर उभे राहतात. या हजारो फाशांमुळेच टॉवेल पाणी पितो. जगभरच्या माणसांची ओली अंगे टिपणारे कापड विणणाऱ्या या शहरात एका मातेला आपली चोळी कोरडी ठेवण्यासाठी प्लास्टिकची पिशवी कापावी लागावी, हे मावशींना फारच लागले.

त्यांनी प्रथम कोऱ्या टॉवेलची कात्रणे आणली. पाणी ओतले तर ते थेंब होऊन वरूनच ओघळले. मावशी हसून म्हणाल्या, “फादर, यात अजून खळ हाय. नव्या कापडाला दुसऱ्याचं पाणी सोसत नाही. चार-पाच धुण्यं होऊ द्या, मग बघा.” खरोखरच, चार-पाच वेळा धुऊन वाळवल्यावर तेच कापड पाणी अलगद आत घेऊ लागले. मग त्यांनी तळहाताएवढे गोल तुकडे कापले. मध्ये टॉवेलचे दोन पदर, अंगाच्या बाजूला धुऊन धुऊन मऊ झालेले सुती धोतर, बाहेरच्या बाजूला गणवेशाचे घट्ट विणीचे सुती कापड. प्लास्टिक अजिबात नाही. मध्ये एक लहानशी चूण घातली की त्याला वाटीसारखा आकार येतो आणि तो टोचत नाही. एका बाईला दिवसभरासाठी पाच-सहा जोड पुरतात. ओला झाला की लगेच बदलायचा. आधी गार पाण्यात खळबळायचा, मग गरम पाण्यात साबणाने धुवायचा, आणि कडक उन्हात वाळवायचा. कपडे मऊ करणारे द्रव त्यात घालायचे नाहीत, त्यामुळे कापडाची शोषण्याची शक्ती मंदावते. सोलापूरच्या उन्हात पातळ पॅड तासाभरात खडखडीत वाळतो. आपल्या उन्हाला शिव्या देताना हा एक उपकार ध्यानात ठेवावा.

बाकीचे शहाणपण मावशींनी पदरचे दिले. शाळेत जाताना फुलाफुलांचा गडद झंपर घालावा, त्यावर ओल दिसत नाही. पिस्ता, गुलाबी, रेशमी काही महिने पेटीत राहू द्यावे. पिशवीत एक जादा झंपर असावा. आणि निघण्यापूर्वी बाळाला पोटभर पाजावे. सिस्टरांनी तिला आणखी एक गोष्ट सांगितली. कामावर परतलेल्या मातेला बाळ पंधरा महिन्यांचे होईपर्यंत दिवसातून दोनदा पाजण्यासाठी वेळ मिळावा, ही तरतूद आपल्या देशाने १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यातच केली होती. मागणे म्हणजे भीक नव्हे.

मला मात्र त्या रात्री झोप आली नाही. माझ्या डोळ्यांपुढे बेथलेहेम होते. तेथे प्रभूच्या जन्मस्थानाच्या महामंदिरापासून थोड्याच अंतरावर एक गुहा आहे. दुग्धगुहा या नावानेच ती ओळखली जाते. परंपरा सांगते की, पवित्र मारिया तेथे बाळ येशूला पाजत असता दुधाचा एक थेंब भूमीवर सांडला आणि तेथला दगड पांढरा झाला. परंपरेचा इतिहास काहीही असो. शतकानुशतके माता त्या गुहेत येऊन प्रार्थना करीत आल्या आहेत. सांडलेल्या एका थेंबाच्या आठवणीवर ज्या ख्रिस्तसभेने प्रार्थनामंदिर उभारले, त्याच ख्रिस्तसभेच्या माझ्यासारख्या एका सेवकाने आपल्या चर्चमध्ये त्या थेंबाला व्हरांड्यात उभे केले होते. तेही पंख्याशिवाय.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१४ च्या जानेवारीत सिस्टाइन चॅपेलमध्ये बत्तीस बालकांना स्नानसंस्कार दिला. बाळे भुकेली असतील तर त्यांना येथेच, निःसंकोचपणे पाजा, अशा आशयाचे त्यांनी मातांना सांगितले. ते मी त्या वेळी वाचले होते. प्रवचनात सांगितलेही असेल. पण आपल्या चर्चच्या फलकाशी त्याचा काही संबंध आहे, हे मात्र मला सुचले नव्हते.

आणि दूर रोमला कशाला जायचे? आपल्या महाराष्ट्रात रायगडाच्या हिरकणीची कथा कोणाला ठाऊक नाही? दूध विकायला गडावर गेलेली गवळण, सायंकाळी बंद झालेले दरवाजे, घरी तान्हे बाळ, आणि रात्रीच्या अंधारात तो कडा उतरून गेलेली आई. आपण तिच्या धैर्याचे गोडवे गातो. सिस्टर म्हणतात, “फादर, त्या वेळी तिची चोळी कोरडी असेल असे वाटते का तुम्हाला?” त्या हिरकणीच्या नावाने आज राज्यातील अनेक एस. टी. स्थानकांवर मातांसाठी कक्ष आहेत. एस. टी. ला सुचले ते मला सुचू नये?

मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने १९८९ साली मानवी दुग्धपेढी सुरू झाली. आशियातील ती पहिली मानली जाते. ज्यांना अधिक दूध येते त्या माता ते स्वच्छपणे काढून देतात; तपासून, निर्जंतुक करून ते अपुऱ्या दिवसांच्या, आईचे दूध न मिळणाऱ्या अर्भकांना थेंबाथेंबाने पाजले जाते. कितीतरी इवले जीव त्यावर तगले आहेत. एका ठिकाणी जे दूध मोजून जपले जाते, तेच दुसऱ्या ठिकाणी एका पोरीला तोंड लपवायला लावते. यात दोष दुधाचा नाही. आपल्या पाहण्याचा आहे.

पुढच्या रविवारी मी तो फलक स्वतःच्या हाताने उतरवला आणि मिस्साच्या अखेरीस धर्मग्रामस्थांची क्षमा मागितली. कोणाचेही नाव घेतले नाही. घेण्याचे कारणही नव्हते. एवढेच म्हणालो की, लेकरांचे रडणे ही आमच्या चर्चमधील अशांतता नव्हे आणि आईची ओली चोळी ही लाज नव्हे. माझी सूचना चुकीची होती. काही ज्येष्ठ मंडळींना ते रुचले नाही. एका सद्गृहस्थांनी व्हरांड्यात गाठून विचारले, “फादर, हे सारे वेदीवरून बोलायला हवे होते का?” मी म्हणालो, “सूचना मी चर्चच्या भिंतीवर लावली होती. क्षमा खिडकीआड कशी मागू?”

वेदीशेजारची एक लहान खोली, जिथे नाताळचा गोठा आणि मोडक्या मेणबत्तीदाण्या पडून असत, ती आता रिकामी केली आहे. दोन खुर्च्या, पंखा, पडदा, हात धुवायला पाणी, आणि वेताच्या टोपलीत मावशींनी शिवलेले पॅड. ध्वनिक्षेपकाची एक तार आत नेली आहे, म्हणजे प्रवचन चुकायला नको, किंवा ज्यांना चुकवायचे असेल त्यांना बटण बंद करता यावे. जी माता आपल्या बाकावरच बसून पदराआड पाजू इच्छिते, तिने तेथेच पाजावे. खोली सोयीसाठी आहे, हद्दपारीसाठी नाही. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, स्तनपान सप्ताहात, सिस्टर दरवर्षी सासू-सुनांना एकत्र बसवून बोलतात. गेल्या वर्षी चार नवरेही मागे येऊन बसले.

त्या मुलीने वरचे दूध बंद केले. तिचे बाळ सहा महिने केवळ आईच्या दुधावर वाढले. पहिल्यांदा ती मिस्साला आली, तेव्हा मी तिच्याजवळ जाऊन म्हणालो, “बाई, त्या दिवशी मी थट्टा केली. मला माफ करा.” तिने क्षणभर खाली पाहिले, मग म्हणाली, “फादर, फोटो राहिलाय आमचा.”

छायाचित्र त्याच दिवशी, त्याच वेदीसमोर काढले. गडद निळ्या फुलाफुलांचा झंपर, कडेवर बाळ. छायाचित्रकार तयारीत असतानाच मागच्या बाकावर कोणाचे तरी मूल रडू लागले. तिने हसून बाळ नवऱ्याकडे दिले, शांतपणे हातांची घडी घातली, आणि थोडे थांबून म्हणाली, “हं, आता काढा.” कोणी हसले नाही. आम्ही सारे थांबलो.